सव्वा ते दीड

"तुमच्या या कागदावर मी जेवायचं कधी?"

मी मान वर केली. समोर तो उभा — बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात मीच बनवलेलं वेळापत्रक. आमच्या शर्टांच्या कारखान्यात त्याचा तो पहिलाच दिवस. शिवणाऱ्या बायकांच्या माना आणि पाठी दुखतात म्हणून मालकांनी आणलेला व्यायामाचा डॉक्टर. चौसष्ट मशिनं, प्रत्येकीला दिवसाआड पंधरा मिनिटं आराम आणि व्यायाम. हे सगळं बसवायचं काम माझं, कारण आठ वर्षं या कारखान्यातलं एकेक मिनिट मीच वाटते. बायका मला घड्याळबाई म्हणतात, तेही तोंडावर.

मी कागद पाहिला आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नऊ ते पाच सलग बत्तीस नावं. मशिनांना तेल घालायलाही मी वेळ ठेवला होता, आणि सगळ्यांना आराम देणाऱ्या माणसाला दोन घास खायला नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायका दोन पाळ्यांत जेवतात, त्या नादात तुमचं राहूनच गेलं, असं काहीतरी मी पुटपुटले, तिथलं नाव पाचच्या पुढे नेलं आणि पेन्सिलीने लिहिलं — 'सव्वा ते दीड, डॉक्टरांचं जेवण.'

"आणि तुमचं नाव कुठे आहे?"

"मला वेळ कुठे आहे?"

तो हसला... आणि त्या दिवशी मी कॉलरचे आकडे तीनदा चुकीचे लिहिले.

त्याची खोली म्हणजे आमची जुनी बटणांची कोठी. मालकांची अट सरळ होती. सहा आठवडे बघू. सहाव्या शनिवारी कागदावर एक जरी जागा रिकामी दिसली, तर बटणं परत खोलीत आणि डॉक्टर आपल्या वाटेने. पहिल्या आठवड्यात मला ही अट अगदी रास्त वाटली. दुसऱ्या आठवड्यात तिची भीती वाटायला लागली.

कारण बायका फिरकेनात, आणि न आलेलीचं नाव मला कागदावरून खोडावं लागे. कुणाला हातातली बाही संपवायची असे, कुणाला उगाच लाज वाटे. मग मी काय करावं? रिकाम्या जागी माझंच नाव लिहून टाकलं आणि जाऊन बसले. खांदा दुखतो, म्हणाले. तो समोर बसून दाखवायचा — असा फिरवा, आता श्वास सोडा, आता हळूच खाली... मी बाहेर पडले की उगाचच जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे.

पाचव्या खेपेला त्याने विचारलं, "आज कुठला?"

"उजवा."

"काल डावा होता."

"तो... बरा झाला."

"बराच गुण आहे म्हणायचा माझ्या हाताला." तो हसला. "तुम्ही येता ते मला आवडतं. खूप आवडतं. पण या खुर्चीवर जिची मान खरंच दुखते ती बसायला हवी. आणि रोज तुमचंच नाव... मालकांच्या लक्षात येणारच."

चोरी पकडली गेली होती. तरी माझ्या कानात राहिलं ते फक्त ते 'खूप.'

मी तडक पहिल्या रांगेतल्या मावशींकडे गेले. त्या माझ्या आईच्या वयाच्या, कारखान्यात सगळ्यांत जुन्या. का येत नाही, सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, एक उठली की तिच्या मशिनपाशी कापडाचा ढीग साचतो, पुढची हातावर हात ठेवून बसते, आणि सगळी रांग डोळे वटारते. "पंधरा मिनिटांच्या आरामासाठी एवढ्या जणींचे डोळे कोण सोसणार, पोरी?"

आठ वर्षं वेळ वाटतेय, आणि एवढं मला दिसू नये! त्याच दुपारी मी जुना कागद फाडला. आठ रांगा, रांगेत आठ जणी. उठायचं तर अख्खी रांग एकदम. मग ढीगही नाही आणि डोळेही नाहीत. मालकांपुढे हे सांगताना मी मागे हटले नाही. मावशींच्या मानेसाठी म्हणा, नाहीतर त्याच्यासाठी म्हणा. खरं सांगायचं तर दोन्हींसाठी.

आणि काय सांगू, खोली अशी भरली! रांग जाताना कुरकुरायची, येताना खिदळत यायची. एकदा मावशी परतल्या, जागेवर बसून मान पुरती मागे वळवली आणि म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या मागे खिडकी आहे!"

सहाव्या शनिवारी मालक आले. कागदावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. एकही जागा रिकामी नव्हती. मग ते स्वतःच त्या खुर्चीवर बसले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि उठून म्हणाले, बटणं बाहेरच राहू देत. चौसष्ट जणींनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. मग कागद पुन्हा पाहिला, आणि डोळे भरून आले. सगळी नावं होती, माझं नव्हतं. तो राहणार होता, पण त्याच्यासमोर बसायला मी स्वतःला एक मिनिटही ठेवलं नव्हतं.

सव्वा वाजता तो माझ्या टेबलाशी आला. कागद माझ्यापुढे सरकवला. त्याच्या जेवणाच्या जागेत, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक नाव लिहिलेलं होतं — 'घड्याळबाई.'

"खांदा कसा आहे?"

"कधी दुखतच नव्हता," मी सांगून टाकलं. "मला तुम्ही आवडता, म्हणून येत होते."

"माहीत होतं." त्याचेही कान लाल झाले होते. "तरी रोज वाट बघायचो... आज कुठला सांगताय म्हणून. चला जेवायला. फक्त पंधरा मिनिटांत माझं जेवणही होत नाही आणि तुमच्याशी बोलणंही. तेवढा वेळ वाढवून द्या."

मी खोडरबर उचललं. 'दीड' पुसून टाकला. पुढे काय लिहावं याचा क्षणभर विचार केला, मग पेन्सिल खाली ठेवली आणि उठले.

आम्ही दारापर्यंत पोचलो तोच मागून मावशींचा आवाज आला, "अगं घड्याळबाई, इथे जागा रिकामी राहिली. मालक बघतील!"

"बघू देत, मावशी," मी मागे वळून म्हणाले. "तेवढा वेळ माझा आहे."