झोपमोड

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. घोरण्याची कसली आलीय भयकथा, असं मीही म्हणाले असते.

पण माझ्या गळ्यावर अजून वळ आहे.

आणि रात्र नव्हती ती. वैशाखातली भर दुपार होती. बनारसला, ब्रह्मा घाटाच्या गल्लीत, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. खाली लस्सीवाल्याचा सेलवरचा रेडिओ चालू होता. दुपारी असं काही होत नसतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तो भ्रम काढून टाका.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. दिनानाथ त्यांचं नाव. पौरोहित्य करतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांची श्राद्धं, पिंडदानं आमच्याकडेच असतात. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी, असं आमचं चालतं. माणूस लाखात एक. इतक्या वर्षांत माझ्यावर हात उगारणं सोडाच, कधी आवाजही चढवला नाही. ते खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

दोष एकच. घोरणं.

तेही सरळ नाही. घोरता घोरता मध्येच एकदम... शांत. श्वासच नाही. मी झोपेतच कोपराने ढोसायचे. मग 'हॅऽऽ' करून श्वास यायचा, हे कूस बदलायचे, आणि गाडी पुन्हा चालू. मला त्याची इतकी सवय झाली होती की ढोसताना जागही यायची नाही.

दिवसा मग डुलक्या. रिक्षात, देवळात, हातात चहाचा पेला असताना. मी म्हणायचे, "कुंभकर्ण बरा, सहा महिन्यांनी तरी उठायचा."

आमची लेक अवनी विद्यापीठात शिकते. ती मागे लागली होती. "बाबा, हे खर्राटे नॉर्मल नाहीयेत. एक बार डॉक्टरला दाखवूया ना."

"अगं, भात खाल्ल्यावर ब्राह्मणाला झोप येतेच," हे म्हणायचे.

होळीनंतर एक दिवस हे पिशाचमोचनहून फार उशिरा आले. पिशाचमोचन म्हणजे इथलं कुंड. ज्यांना वाईट मरण आलं, जे सुटले नाहीत, त्यांचं त्रिपिंडी श्राद्ध तिथे करतात. काठावर पिंपळ आहे, त्याच्या खोडात खिळेच खिळे ठोकलेत. प्रत्येक खिळा कुणाला तरी जखडायला.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. काही बोललेही नाहीत. आल्या आल्या आडवे झाले.

आणि घोरायला लागले.

मी जागी झाले ती आवाज ऐकून. ह्यांचं घोरणं बारीक, शेवटी शिट्टी वाजल्यासारखं. हे घोरणं जाड होतं. खरखरीत. छातीच्या तळापासून ओढून काढल्यासारखं...

सर्दी असेल, म्हटलं.

मग ते थांबलं.

मी सवयीने कोपर मारलं.

थोबाडीत बसली. इतकी जोरात की मी पलंगावरून खाली पडले. कानात घंटा वाजत होती. वर पाहिलं तर हे शांत पडलेले. डोळे मिटलेले. हात छातीवर.

सकाळी माझा सुजलेला गाल पाहून रडायला लागले. "कुणी मारलं तुला?"

काय सांगणार होते मी?

दुसऱ्या वेळी मूठ बसली. एक दात हलला. मग मी खाली गादी टाकली आणि बंदर हाकलायची काठी उशाशी घेतली. श्वास अडकला की लांबूनच काठीने टोचायचं. ही युक्ती एकदाच चालली. पुढच्या वेळी काठी पलीकडून ओढली गेली. मोडल्याचा आवाज आला. मग अर्धी काठी माझ्या पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर... मी स्वयंपाकघरात पळाले आणि कडी लावून घेतली.

कडी लावली खरी. पण पलीकडे श्वास अडकलेला माझा नवरा होता. हलवलं नाही तर तो मरेल. हलवलं तर मला मार. प्रत्येक वेळी मी कडी काढायचे आणि परत जायचे. मार खायचे.

शेवटी अवनीने आम्हा दोघांना डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, रात्रभराची झोपेची तपासणी करू. डोक्याला, छातीला तारा चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला. आम्हाला घरी पाठवलं.

सकाळी गेलो तर तिथला तपासणीवाला गाल चोळत उभा.

"आंटीजी, पंडितजी ने रात को कंटाप मार दिया हमको," तो म्हणाला. "उँगली का क्लिप निकल गया था, हमने तो बस हिलाया. और ये शरू कौन हैं?"

"कोण शरू?"

"हमको शरू बोल रहे थे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. या वयात कुणी भेटली की काय, हाच विचार आधी आला, खोटं कशाला बोलू. पण ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मला नाही माहीत," म्हणाले. ह्यांना खोटं बोलता येत नाही. काहीतरी लपवतायत, तेव्हाच कळलं मला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. झोपेत घशाची नळी बंद होते. श्वास अडतो. "ऑक्सीजन इतना गिरेगा तो आदमी हाथ-पैर चलाएगा ही, माताजी. इसमें इनका दोष नहीं."

मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू! आजार होता तो. नुसता आजार.

मशीन घरी आलं. लहानसा डबा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क. डबा हवा ढकलत राहतो, नळी बंद होऊ देत नाही. पहिल्याच रात्री घोरणं थांबलं. हे सकाळी उठले तेच भूप गुणगुणत. मी देवापुढे साखर ठेवली आणि डब्यालाही हळदकुंकू लावलं. अवनी खूप हसली.

काही दिवस बरे गेले.

मग सकाळी मास्क खाली पडलेला दिसायला लागला. पट्टा तुटलेला. आम्ही नवा आणला. तोही तुटला. ह्यांच्या नाकावर ओरखडे होते. कुणीतरी तो ओरबाडून काढल्यासारखे...

आता ती दुपार.

हे जेवून झोपले होते, मास्क लावून. अवनी बाहेर गेली होती. मी खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते. मशीनची सूऽऽ सूऽऽ चालू होती.

लाइट गेली.

पंखा थांबला. मशीन थांबलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लाइट गेली तर मास्क लगेच काढायचा. मी सूप खाली ठेवलं आणि उठले.

पलंगाजवळ गेले आणि लक्षात आलं... छाती हलत नव्हती.

मी मास्ककडे हात नेला. अजून शिवलेही नव्हते.

माझं मनगट धरलं गेलं.

"किती वेळा सांगितलं तुला..."

डोळे मिटलेले होते. आवाज मास्कच्या आतून येत होता. ह्यांच्या मराठीला हिंदीचा हेल आहे. या आवाजात हिंदीचा लवलेश नव्हता.

"झोपमोड करायची नाही म्हणून."

मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, दुखलं नंतर. केसांना धरून मला कपाटावर आपटलं. एकदा. मग पुन्हा. आरसा फुटला. मी ओरडत होते, "अहो, मी आहे, प्रमोदिनी!" खाली रेडिओवर गाणं चालू होतं, कुणी वर आलं नाही. मग मशीनची नळी माझ्या गळ्याभोवती आली. गुडघा पाठीत. तो ओढत राहिला. डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं.

तेवढ्यात फुटक्या आरशाच्या तुकड्यात मला ह्यांचं तोंड दिसलं. मास्क तसाच होता. ओठ निळे पडले होते.

इतका वेळ ते मला मारत होते... आणि त्यांनी एकदाही श्वास घेतला नव्हता.

मग पकड सुटली. ते माझ्या अंगावरच कोसळले, ओल्या पोत्यासारखे. मी सरपटत बाहेर आले. दार समोर होतं. पळता आलं असतं.

हे जमिनीवर पडले होते. निळे, गप्प.

आता हलवलं तर उठणार कोण, हे मला माहीत नव्हतं. तरी हलवलं. मास्क उपटला, चांगल्या हाताने छातीवर बुक्क्या मारल्या, तोंडात मारल्या, नाव घेऊन शिव्या दिल्या. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते मी.

"हॅऽऽ..."

बारीक. शेवटी शिट्टी. माझाच नवरा होता तो.

माझ्या हाताला प्लास्टर घालून आलो, त्या संध्याकाळी ह्यांनी तोंड उघडलं.

होळीनंतर शरदिनी नावाची एक बाई आली होती. सिन्नरची. नवरा वासुदेव, झोपेत गेला म्हणाली. त्रिपिंडी करायची होती. सिन्नरहून त्र्यंबकेश्वर हाकेच्या अंतरावर, आणि ही बाई एकटी इतक्या लांब काशीला का आली, असं ह्यांना वाटलं होतं, पण विचारलं नाही. त्रिपिंडीत आधी त्या जिवाला आवाहन करून बोलवायचं, पिंड द्यायचे आणि शेवटी विसर्जन करून निरोप द्यायचा.

"आवाहन झालं," हे म्हणाले. "पिंड ठेवले. मग मला डुलकी लागली गं. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई नव्हती. विसर्जन केलं की नाही... मला काही केल्या आठवत नाही."

पाहुण्याला घरी बोलवलं, जेवू घातलं, आणि दार उघडं टाकून यजमानच झोपला. बोलायला मला शब्द सुचेनात. इतर वेळी सुचतात.

मी ह्यांच्याच फोनवरून तिला फोन लावला.

"हलवलंत वाटतं," माझा आवाज ऐकून ती म्हणाली. बाकी काही विचारलं नाही.

"तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"गुरुजींचा डोळा लागला, ताई. मी उठवणार होते. तेवढ्यात ते घोरायला लागले आणि मी ओळखलं. ते घोरणं यांचं होतं. म्हटलं, मिळालं यांना दुसरं घर. तशीच उठले आणि स्टेशन गाठलं."

ती बोलत राहिली.

"यांचाही श्वास असाच अडायचा. मी हलवायचे. हलवलं की उठून मारायचे, झोपमोड केली म्हणून. जबडा मोडलाय माझा. तरी हलवत राहिले. मग एका रात्री नाही हलवलं, ताई. पडून राहिले. ऐकत."

वाईट याचं वाटतं की मला तिचा राग आला नाही.

"गेले तरी येतच होते. काशीहून आले तेव्हापासून मला झोप लागते. पहिल्यांदाच. विसर्जन नका करू, ताई. पाया पडते."

"माझा माणूस मरेल हो!"

"माहितीये मला," ती म्हणाली. "विसर्जन केल्यावर ते जातील कुठे, विचारलंय का गुरुजींना?"

मी विचारलं. हे म्हणाले, "सुटतो तो जीव. शास्त्र तसं सांगतं."

"आणि याला सुटायचंच नसेल तर?"

हे पंचांग काढून मुहूर्त बघायला लागले.

आम्ही विसर्जन केलं. ह्यांचे चुलतभाऊ बिंदुमाधव भावोजी मंत्र सांगायला बसले, मी ह्यांच्या शेजारी. पूर्ण वेळ ह्यांच्या दंडाला चिमटे काढत होते. दंड काळानिळा झाला, पण डोळा लागू दिला नाही. शेवटची अक्षता पडली आणि हे एवढंच म्हणाले, "हलकं वाटतंय."

मशीन आता नीट चालतं. डॉक्टर खूश आहेत. अवनी म्हणते, बघ, मी म्हटलं नव्हतं? मीही मान हलवते. मशीनमुळेच बरं झालं असेल. असेलही.

परवा दुपारी फोन आला. शरदिनीच्या नंबरवरून.

"हॅलो?"

कुणी बोललं नाही. फक्त घोरणं... जाड. खरखरीत. छातीच्या तळापासून.

मग ते थांबलं.

मी फोन कानाला घट्ट धरला. "शरदिनी," मी ओरडले, "हलवू नका! ऐकताय का? हात लावू नका!"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "ताई, सवय आहे हो हाताला..."

मग मारल्याचा आवाज. काहीतरी पडल्याचा. फोन बंद झाला. त्यानंतर तो लागलेला नाही. त्या दुपारपासून मी सारखा लावते आहे.

हे लिहितेय तेव्हा हे शेजारीच झोपलेत. मशीनची सूऽऽ चालू आहे. श्वास आता अडकत नाही. पण रात्री जाग आली की मी अंधारात बघत पडते, छाती हलते का. हात पुढे जातो.

आणि मी तो मागे घेते.