सिंहाची तिसरी शेपटी

पहिल्याच भेटीत त्यानं तिच्या केसांवर पिवळा रंग सांडला. तो पेंटर, शिडीवर चढून नगरपालिकेच्या दारावरचं शहराचं मानचिन्ह नव्यानं रंगवत होता. ती जुन्या कागदपत्रांच्या खोलीतली कारकून. शिडीखालून चालली होती.

"माफ करा हं... आयाळीचा आहे."

"धुतल्यावर जाईल ना?"

"सिंहाचा तरी पन्नास वर्षं गेला नाही."

ती हसली. तिथंच काम लांबलं.

रंगकाम जुन्या चित्राबरहुकूम आहे अशी तिची सही झाली, की तो पुढच्या गावी जायला मोकळा. म्हणून सोमवारी तिला मिशा खटकल्या, मंगळवारी नखं, बुधवारी सिंहामागचा बुरूज.

"एक वीट जास्त आहे."

"मोजल्यात?"

"नोकरीच आहे माझी!"

तोही इतका गुणी, की एक चूक दुरुस्त करताना दुसरी न विसरता करून ठेवी.

तेराव्या दिवशी साहेब कडाडले, "उद्या अनावरण! आज सही हवी!"

संध्याकाळी ती शिडीखाली आली. चूक एकही उरली नव्हती. दोघांचेही चेहरे पडलेले.

"एक विचारू?" तो म्हणाला. "सिंहाला शेपट्या दोन का?"

"माहितीपत्रकात लिहिलंय, शौर्य आणि संयम."

"आणि फाइलीत?"

ती घुटमळली. "तेव्हाच्या कारकूनबाईंनी शेपटी नापास केली. पेंटरनं दुसऱ्या बाजूला नवी काढली. पहिली पुसणार, तेवढ्यात... त्यानं लग्नाचं विचारलं. त्या हो म्हणाल्या. मग भिंतीकडे बघतंय कोण! लग्नाच्या रजेचा अर्ज फाइलीत आहे."

तो शिडीकडे वळला. चार पायऱ्या चढला, ब्रश बुडवला आणि सिंहाला झोकदार तिसरी शेपटी काढली.

"अहो! आता सही कशी करू?"

"नका करू. उद्या येतो, परवा येतो... तुम्ही चुका काढा. जन्मभर काढा— माझी हरकत नाही."

ती बराच वेळ शेपटीकडे बघत राहिली. कान मात्र सिंहाच्या जिभेइतके लाल.

"पुसू नका," ती म्हणाली. 'जुन्या चित्राबरहुकूम' खोडून तिनं 'जुन्या परंपरेनुसार' लिहिलं आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी पडदा सरकला. साहेबांनी शेपट्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"शौर्य, संयम... आणि ही तिसरी?"

"चिकाटी, साहेब," ती म्हणाली आणि रजेचा अर्ज पुढे केला.