ओ देण्याची जागा

पन्नाशी ओलांडली तरी घरात ती छोटीच राहिली. हे नाव मावशीनं ठेवलेलं, आणि मावशी अजून खणखणीत होती, त्यामुळे ते बदलायची सोय नव्हती. आई लवकर गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं. मावशी संगीतकार. प्रार्थनांना चाली लावायची, वृंदगानं रचायची. तिच्या कार्यक्रमांना टाळ्या जरा उशिराच पडत, कारण लोक आधी डोळे पुसत बसत. घरात सारखे सूर, म्हणून छोटी ऐकायला शिकली आणि पुढे ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात पडली.

गेल्या काही वर्षांत मावशीचे कान पार गेले. यंत्र आणून दिलं, तर यातून फक्त भांडी घासल्याचा आवाज येतो म्हणाली आणि कपाटात टाकून मोकळी झाली. तिला काही सांगायचं तर पाटीवर लिहावं लागे. ती मात्र तोंडानं बोलायची, तेही साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं. या अवस्थेत तिनं एक नवी प्रार्थना रचली. वाद्य एकही नाही, नुसते गळे.

रचना सुंदर होती. पण मध्यावर एक विचित्र जागा होती. सगळं वृंद ‘ऐक, ऐक’ अशी विनवणी करत चढत जातं आणि शिखरावर एकदम थांबतं. मग लांबलचक शांतता. आणि तिच्या शेवटी सगळ्यांनी मिळून एकच अक्षर गायचं: ‘ओ’. त्याचा स्वर आधीच्या कशाशीही जुळणारा नव्हता. गाणाऱ्यानं तो शोधायचा कुठून?

वृंदाचे मास्तर सज्जन गृहस्थ, पण या जागेनं त्यांची झोप उडवली होती. पेटीवर हळूच स्वर देऊ का, असं त्यांनी पाटीवर लिहून विचारलं. मावशी नाही म्हणाली. मग निदान ही ओ कुणाला द्यायची ते तरी सांगा, असं त्यांनी लिहिलं.

"मास्तर," मावशी म्हणाली, "आपण जन्मभर देवाला हाका मारतो. तिकडून हाक आली तर ओ कोण देणार?"

मास्तरांनी पाटी पुसली. शाळेच्या सभागृहात तालमी झाल्या. त्या जागी दर वेळी चिवडा व्हायचा. वृंदातले दाताचे डॉक्टर एका स्वरावर, टपाल कचेरीतल्या बाई भलत्याच, बाकीचे मधे कुठेतरी. हसू यायचं आणि मास्तर कपाळाला हात लावायचे. मावशीला काहीच ऐकू येत नव्हतं. ती समाधानानं मान डोलवायची.

ध्वनिमुद्रणासाठी दगडी प्रार्थनागृह मिळालं. उंच घुमट, जाड भिंती, वरच्या काचांतून उतरणारं सकाळचं ऊन. छोटीनं मायक्रोफोन उभे केले, केबली ओढल्या आणि खांबाआड मेज मांडून हेडफोन चढवले. बाहेरच्या रस्त्यावरून एखादं वाहन गेलं की घुमटात बारीक गुंजन होई. वर कुठेतरी चिमण्या होत्या. तिनं त्यांच्याकडे कानाडोळा केला. जिवंत जागेत थोडा आवाज असायचाच.

पहिल्याच वेळी वृंद शिखरावर गेलं, थांबलं, शांतता झाली. छोटीनं मनातल्या मनात चिवड्याची तयारी केली.

सगळ्यांची ओ एका स्वरात आली. अशी एकजीव, की मास्तरांचा हात हवेत तसाच राहिला.

गाणं संपल्यावर त्यांनी स्वर तपासला. कागदावर होता तोच, तंतोतंत. मग त्यांनी विचारलं, स्वर दिला कुणी? डॉक्टर म्हणाले, शेजाऱ्याकडून घेतला. शेजारी म्हणाला, त्याच्या पलीकडच्याकडून. असं करत करत विचारणा रांगेच्या टोकाला, टपालातल्या बाईंपाशी आली.

"मी पलीकडून घेतला," त्या म्हणाल्या, आणि वळून बघितलं. त्यांच्या पलीकडे भिंत होती.

त्या शांततेत छोटीला हेडफोनमधून कुणाचाच स्वर ऐकू आला नव्हता. तिनं ती जागा पुन्हा लावून पाहिली आणि तिच्या भुवया चढल्या. शांतता सुरू होताच मशीनच्या पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झाली होती. रिकाम्या खोलीतही रेघ कधी सपाट नसते. माणसं श्वास घेतात, कपडे सळसळतात, यंत्राची स्वतःची खरखर असते. इथे चिमणीची चिवचिव अर्ध्यात तुटली होती आणि ओ सुरू होताच उरलेली अर्धी उमटली होती.

केबल खराब असणार. तिनं केबल बदलली. मायक्रोफोन बदलले, शंका नको म्हणून मशीनही दुसरं जोडलं. वृंद पुन्हा गायलं. ओ पुन्हा अचूक आली, आणि रेघ पुन्हा तिथेच मेली.

तिसऱ्या वेळी छोटीनं हेडफोन काढून गळ्यात अडकवले.

विनवणी चढत गेली. घुमट भरला. मग वृंद थांबलं.

आधी रस्ता गेला. मग चिमण्या. मग घुमटातला उरलासुरला नाद, कुणीतरी मुठीत घ्यावा तसा. छोटीला स्वतःच्या कानांत रक्ताची धडधड ऐकू येत होती, तीही गेली. उन्हातले धुळीचे कण थांबल्यासारखे वाटले. तिला भीती वाटायला हवी होती. पण समुद्र पहिल्यांदा बघणाऱ्या पोरासारखी ती नुसती उभी राहिली.

आणि तिला हाक आली.

आवाज नव्हता. नावही नव्हतं. जिन्याखालून घरचं माणूस हाक मारतं, तेव्हा शब्द कळायच्या आधी जे कळतं, तेवढंच. पण ते इतकं मोठं होतं, की दगडी भिंती त्यापुढे कागदाच्या वाटल्या.

तिनं तोंड उघडलं. आयुष्यात कधी न गायलेली छोटी वृंदाबरोबर गायली.

प्रार्थना संपली. डॉक्टर बाकावर बसून राहिले. मास्तर भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. मावशी बाकांच्या पहिल्या रांगेत होती आणि तिचे ओठ अजून गोल होते. छोटी तिच्यापाशी गेली. तिनं पाटीवर लिहिलं: तुला ऐकू आलं?

मावशी आज प्रथमच हळू आवाजात बोलली.

"कान गेल्यापासून रोज येतंय गं. मी फक्त ओ कुठे द्यायची ते लिहिलं." मग ती म्हणाली, "आधी फार लांबून यायचं. ओ दिली की जवळ येतं."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी छोटी घरी काम करत बसली. स्पीकर बंद, कानांवर हेडफोन. ती रिकामी जागा तशीच ठेवायची की त्यात घुमटाचा नाद भरायचा, हे तिला ठरवायचं होतं. तिनं प्रार्थना सुरुवातीपासून लावली. विनवणी चढली, थांबली. रेघ सपाट झाली.

आत काहीच ऐकू येत नव्हतं. मायक्रोफोननं ते घेतलंच नव्हतं, याचं तिला वाईट वाटलं आणि थोडं हायसंही वाटलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. नवरा उभा होता, ओल्या हातात विसळलेला कप. या माणसाला वाढदिवसाचं गाणंसुद्धा सुरात म्हणता येत नसे. ही प्रार्थना त्यानं कधी ऐकली नव्हती. त्याचं तोंड उघडं होतं.

छोटीनं हेडफोन काढले.

"ओ," तो गात होता. स्वर अचूक होता.

तिनं मशीन बंद केलं. त्याला नावानं हाक मारली. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागे, अगदी जवळ, जरा वर, बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता.

कपावरचं पाणी ठिबकून संपलं. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत त्याच्या पावलांपर्यंत आली. स्वर चालूच होता, आणि त्यानं अजून एकदाही श्वास घेतला नव्हता.