एकोणीस हेलकावे

कारखान्यात माझं काम म्हणजे मशिनं बंद का पडतात ते शोधायचं. त्यामुळे रुद्रसाठी हॉलमध्ये झोळी टांगली, तेव्हा त्याला आत ठेवण्याआधी मी तपासणी केली. एक झोका दिला की रिकामी झोळी अकरा हेलकाव्यांत थांबायची. तीन किलो तांदूळ ठेवले की एकोणीस. मालिशवाल्या बायडाबाई दारातच थबकल्या.

"रिकामी झोळी हलवत्यात का कोनी, साहेब?"

"काय होतं हलवली तर?" मी हसत विचारलं.

त्या आत आल्या. शेगडीवर ओवा टाकून कामाला लागल्या.

बाळंतपण खरं तर योगिनीच्या माहेरी, सटाण्याला व्हायचं होतं. पण ऐन वेळी सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं आणि पंचवटीतल्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच उरलो. रुद्र रात्री अकराला सूर लावायचा, तो भाजीबाजारात पहाटेच्या गाड्या येईपर्यंत. ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं, बेंबीभोवती हिंग लावला, पठ्ठ्या ऐकेल तर शपथ. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. त्याची होती हो, आमचं काय?

अठराव्या रात्री योगिनीने त्याला माझ्या हातात दिलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

"आता याला माझ्याकडे देऊ नकोस, ज्ञानेश. मला माझ्याच हातांचा भरवसा वाटत नाही."

इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. तिला आत झोपवून दार ओढून घेतलं. सकाळी तिला डॉक्टरांकडे न्यायचंच, असं ठरवलं. काढून ठेवलेलं दूध रुद्रला चमच्याने पाजलं, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि सतरंजीवर आडवा झालो.

जाग आली ती शांततेने. सव्वातीन वाजले होते. दोरी अंगठ्यातून निसटून फरशीवर पडली होती आणि झोळी हलत होती.

योगिनी उठली असेल म्हणून आत डोकावलो. ती गाढ झोपली होती.

जानेवारीचा गारठा. पंखा बंद, खिडक्या घट्ट लावलेल्या. मी हेलकावे मोजू लागलो. एकोणीस झाले. चाळीस झाले. साठानंतर मोजणं सोडून दिलं.

रुद्र जागाच होता. मूठ चोखत वर बघत होता.

मी झोळी धरली. त्याने लगेच तोंड वेडंवाकडं केलं. आत योगिनीने कूस बदलली.

मी हात काढला.

झोळी पुन्हा हलू लागली. एक झोका पार भिंतीपर्यंत गेला.

"जरा हळू," मी म्हणालो.

झोका लहान झाला.

सकाळी योगिनी सात तास झोपून उठली. "आण त्याला इकडे," ती स्वतःहून म्हणाली, आणि मला रडूच आलं. डॉक्टरांकडे गेलोच. गोळ्या चालू झाल्या, पण रात्रीची झोप जास्त कामी आली. आता ती हसते, रुद्रला न्हाऊ घालते. रात्री त्याला झोळीत ठेवून आम्ही दोघंही आतल्या खोलीत झोपतो.

मी तिला काही सांगितलेलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही.

काल थंडी वाढली. झोपायच्या आधी योगिनीने झोळीशेजारी एक गोधडी आणून ठेवली.

"रात्रभर बसायचं म्हणजे गारठा लागतो," ती म्हणाली.

आम्ही उठलो तेव्हा सतरंजीवर गोधडीची नीट घडी घातलेली होती. मी उचलली, तर आतून अजून उबदार होती.