तिसरी पेटी

बाहेरून हेलिकॉप्टर कुणीही करतं. पंखा, शेपूट, खाली दोन दांडे, झालं काम. खरी परीक्षा आतली. खुर्चीचा पट्टा कुठून निघतो, वैमानिकाच्या डाव्या हाताचा दांडा किती वाकडा, पायाखालचा पत्रा साधा की खवल्यांचा, हे ज्याला माहीत नाही त्यानं मॉडेल करू नये, पाट-पोळपाट करावेत. माझ्या मॉडेलात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय. हे मी आमच्या सातपूरच्या कारखान्यात सगळ्यांदेखत म्हणायचो, आणि आजही म्हणतो.

मी सावळीराम पगारे, पॅटर्नमेकर. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करायचं माझं काम. आमच्याकडे पट्ट्या दोन असतात. एक साधी, आणि दुसरी आकसपट्टी. तापलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून ही दुसरी पट्टी मुद्दाम किंचित लांब आखलेली असते. दोन्ही दिसायला सारख्या. घाईत चुकीची उचलली की सगळी मेहनत पाण्यात. माझ्या हातून असं कधी झालं नाही.

भुताखेतांचंही सांगून टाकतो. धम्म घेतला त्या दिवशी आमच्या बापानं घरातले टाक, ताईत, अंगारा सगळं दारणा नदीत सोडलं. तेव्हापासून आमच्या घरात असल्या गोष्टीला थारा नाही.

१९८३ चा पाऊस सरत आला होता, तेव्हा सुलाबाई माझ्याकडे आल्या. विहितगावच्या, लांबच्या नात्यातल्या. मी त्यांना आक्का म्हणतो. आल्या, पाणी प्यायल्या आणि माझ्या कपाटातल्या मॉडेलांसमोर उभ्याच राहिल्या.

"सावळ्या, तू ह्या इमानांचं आतलंबी बरोबर करतो ना रे?"

"आक्का, बरोबर म्हणजे काय! खऱ्यात जे आहे ते यात आहे."

"मग मला त्ये हेलिकाप्टर करून दे. मिलिंदच्या पलटणीचं. त्यात तिसऱ्या माणसाला जागा व्हती का, तेवढं सांग."

मिलिंद त्यांचा एकुलता एक. लष्करात वायरलेस मेकॅनिक होता. चार वर्षांपूर्वी भर पावसात त्याच्या पलटणीचं एक चीता हेलिकॉप्टर सामान घेऊन घाटाकडे निघालं आणि इगतपुरीच्या पुढे धुक्यात डोंगराला धडकलं. जळून दरीत गेलं. खाली ओढ्याला पूर. दोघे वैमानिक सापडले. त्याच सकाळी मिलिंद तळावर होता आणि नंतर कुणाला दिसला नाही. मागची सीट काढून तिथं तीन पेट्या भरल्या होत्या, आत माणूस मावणं शक्यच नाही, असं चौकशीत ठरलं. मग मिलिंद गेला कुठे? पळाला. त्याच्या नावापुढे 'भगोडा' लागलं. गावानंही तेच उचललं.

"पळाला आसंल तर जित्ता हाय," आक्का म्हणाल्या. "नसंल पळाला तर त्याचं नाव खरं हाय. मला दोन्हीतलं एक सांग. हे मधलं आता सोसत नाय."

मला गलबलून आलं. पण मी माझ्या नेहमीच्या सुरातच म्हणालो, "लाकूड सांगेल, आक्का. लाकूड खोटं बोलत नाही."

छावणीत मला कोण सोडणार? बाहेरचं माप सोपं होतं. नाशिकरोडला रोज डोक्यावरून ती घरघरत जायची. चीत्याचं पुढचं तोंड म्हणजे नुसता काचेचा मोठा फुगा, त्यामुळे आतलं सगळं उघडं. थोडंसं चुकलं तरी दिसणार. मासिकांतले फोटो जमवले, पण फोटोत मागचा भाग अंधारात जातो. शेवटी देवळाली कॅम्पातल्या चिमाजीमामांना गाठलं. याच मशिनांवर उभी हयात काढलेले मेकॅनिक, नुकतेच निवृत्त झालेले.

मामांनी मला ओसरीवरच्या एका हिरव्या पेटीवर बसवलं. मग असे सुटले, की माझी पेन्सिल पुरेना. मुख्य वैमानिक उजवीकडे. घड्याळांचा खांब मधे. दाराची कडी आतून खाली दाबायची, बाहेरून वर. खुर्चीची गादी कुठे फाटायची, तेसुद्धा.

"आणि त्या दिवशी मागे काय होतं, मामा?"

मामा सुपारी कातरायला लागले.

"सीट काढली होती. तीन पेट्या. वायरलेसच्या."

"मापं?"

"तू बसलायस ना, अश्शाच."

मी उठलो, साधी पट्टी लावली आणि पेटीचं माप घेतलं. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुणाला पाहिजे हे?"

"विहितगावच्या सुलाबाईंना."

अडकित्ता थांबला. चहा सांगितलेला होता, तो आलाच नाही. मीही मग निघालो.

एक फुटाला एक इंच धरून काम केलं. जुनं, वाळलेलं सागवान. काचेचा फुगा अॅक्रिलिक तापवून ओढला. खुर्च्या, दांडे, घड्याळांचे काटेसुद्धा. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम, यात वाद नाही. शेवटी तीन पेट्या केल्या आणि मागे बसवल्या. तिन्ही अशा चपखल बसल्या की मधे नखही जाईना.

माणसाला जागा नव्हती. म्हणजे मिलिंद पळाला होता. आक्काला हे कसं सांगावं, याचा विचार करत मी मॉडेलवर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर तिसरी पेटी टेबलावर होती. बाकी सगळं जागच्या जागी.

"लता, मॉडेलला हात लावला होतास?"

"तुमच्या त्या खेळण्याला हात लावून शिव्या कोण खाणार?" बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "मी आज तिकडे फिरकलेसुद्धा नाही."

मी पेटी परत आत घालायला गेलो. जाईना. काल बसली होती, आज जाईना. पहिली शंका माझी मलाच आली: पेट्या करताना हातात आकसपट्टी तर नव्हती? तसं असेल तर पेटी केसभर मोठी होणार. लाज वाटली. दोन्ही पट्ट्या काढल्या, पेटी मोजली, आतली जागा मोजली. साधी पट्टी. मापं तंतोतंत बरोबर.

मग लाकूड फुगलं म्हणावं, तर बाहेर ऑक्टोबरची कडक उन्हं. तरी पेटीला पॉलिशपेपर मारला. पार सैल केली. तरी जाईना.

लाकडाला लाकूड अडतं तेव्हा हाताला कळतं. टणक, कोरडं, आवाजासकट कळतं. हे तसं नव्हतं. पेटी दाबली की थोडी आत जायची आणि हात सैल केला की तेवढीच बाहेर यायची. गच्च भरलेल्या एसटीत दाराशी उभ्या माणसाला ढकलावं, तसं.

मी बोट घालून चाचपलं. आत काही नव्हतं. पत्रा होता, रंग होता. पत्रा मात्र कोमट होता.

मी काही घाबरणारा माणूस नाही. पण त्या वेळी मला भीती वाटली, आणि ते सांगायला मला लाज नाही.

पेटी बाहेरच ठेवून मी मॉडेलची दारं लावली. जेवून आलो आणि पाहिलं, तर फुग्याची काच एका जागी धुरकट झाली होती. मागच्या बाजूला, डावीकडे. फडक्यानं पुसली. पुसली जाईना. वाफ आतल्या अंगाला होती.

"अहो, हे देऊन टाका बाई कुणाला तरी," लता मागे येऊन उभी होती. "मला आवडत नाही ते. बघितल्यासारखं वाटतं."

"कुणी?"

"ते मला काय विचारता?"

सुट्टीच्या दिवशी मी चिमाजीमामांना घरी बोलावलं. म्हटलं, काम तपासून द्या. पेटीचं काहीच बोललो नाही. चांगलं लख्ख दुपारचं ऊन होतं. मामांनी चष्मा चढवला, फुग्याला नाक लावलं आणि कौतुकानं मान हलवायला लागले.

"वा रे पठ्ठ्या! कडी बरोबर. खांब बरोबर. गादीसुद्धा फाटकी केलीस की!"

मग ते मागच्या बाजूला आले आणि त्यांची मान हलायची थांबली.

"ही पेटी कुणी काढली?"

"आत जात नाही, मामा."

"नाही रे. ही पेटी काढायची, हे तुला कुणी सांगितलं?"

मामांनी चष्मा काढून खिशात घातला.

"मी कुणाला बोललो नव्हतो," ते म्हणाले. "बायकोलासुद्धा नाही."

खुर्ची पुढे केली तर ते सरळ जमिनीवर बसले.

"पोरगा आठवडाभर मागे लागला होता. मामा, एकदाच बसू द्या. वरून आमचं घर दिसतं का बघायचंय, आईला सांगायचंय. ऐन वेळी मी तिसरी पेटी उतरवली आणि त्याला आत घेतला. गुडघे पोटाशी घेऊन बसला. डावीकडे, काचेला नाक लावून. दार मीच लावलं, सावळीराम. वर कुणाला विचारलं नव्हतं. नोकरी गेली असती. आणि नंतर... नंतर रोज वाटायचं, आज सांगू."

"आणि ती पेटी?"

"तू बसला होतास की तिच्यावर."

आम्ही तसेच उठलो. मॉडेल मी मांडीवर घेतलं, रिक्षा केली आणि विहितगाव गाठलं.

आक्का दारात तांदूळ निवडत होत्या. मामांनी चप्पल काढली, हात जोडले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मला वाटलं, आक्का आता सूप फेकून मारणार. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या:

"घर दिसलं का त्याला?"

मामांनी मान खाली घातली.

"दिसलं आसंल," आक्का स्वतःशीच म्हणाल्या. "आपल्या डोक्यावरनंच जातंय की ते." आणि मग सूप बाजूला सारून एकदम हंबरडा फोडला. "नव्हता पळाला! माझा मिलिंद नव्हता पळाला!"

आळी गोळा झाली. त्या प्रत्येकाला तेवढंच सांगत होत्या.

दुसऱ्याच दिवशी चिमाजीमामा ती हिरवी पेटी हातगाडीवर घालून पलटणीत गेले आणि जबाब दिला. त्यांना जे भोगायचं होतं ते त्यांनी भोगलं. पण पुढे मिलिंदच्या नावापुढचा तो शब्द गेला. गावातलं बोलणंही बंद झालं.

मॉडेल आक्कांनी ठेवून घेतलं. त्या रडण्याच्या गोंधळातच मी खिशातली तिसरी पेटी काढून सहज मागच्या जागेत सरकवून पाहिली होती. गेली. थोडी सैलच झाली होती, पॉलिशपेपर मारल्यामुळे. काच स्वच्छ होती. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं, संपला विषय. पुढे सरस आणून मॉडेलच्या दारांना लावला आणि ते कायमचं बंद करून टाकलं, उगीच कुणी उघडायला नको.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात विहितगावावरून जात होतो, म्हणून डोकावलो. दुपारची वेळ. आळी सामसूम. आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. अंगानं भरल्या होत्या, चेहऱ्यावर तेज आलं होतं. मला बरं वाटलं.

मॉडेल फळीवर होतं. धूळ नाही, काही नाही. तिन्ही पेट्या आत होत्या.

मॉडेलचं दार उघडं होतं.

मी जवळ जाऊन पाहिलं. कडी खाली दाबलेली होती. सरस चौकटीला तसाच वाळलेला, मधोमध तडकलेला. मामांचे शब्द आठवले. बाहेरून वर, आतून खाली.

"आक्का," मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "हे दार कुणी—"

आक्कांनी चटकन ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे सावळ्या. आत्ताच डोळा लागलाय."

त्यांनी मानेनं आत दाखवलं. आतल्या खोलीत सुंभाची बाज होती. बाजेवर कुणी नव्हतं. उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला. सुंभ मात्र मधोमध खाली गेलं होतं, धडधाकट माणूस गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजावा तसं.

खिशात पट्टी होती. मी ती काढली नाही.

चपला हातात घेतल्या आणि उंबऱ्याबाहेर आलो.

"येतो, आक्का," मी अगदी हळू म्हणालो.

"ये," आक्का म्हणाल्या. पण त्याआधी आतली बाज करकरली होती.