नऊ ते बारा मिलिमीटर

तो तिच्याकडे टक लावून बघत होता.

काचेच्या पलीकडे, कपाटाएवढ्या त्या बंद खोलीत, कानांवर हेडफोन आणि हातात बटण घेऊन बसला होता... आणि नजर मात्र सरळ तिच्यावर. भाग्यश्रीने आधी दुर्लक्ष केलं. चाकणच्या कंपन्यांच्या आवारात तपासणीची गाडी उभी करायची आणि दिवसाला साठ-साठ कामगारांचे कान तपासायचे, म्हणजे बघणारे भेटायचेच. पण हा त्यातला वाटत नव्हता. इस्त्रीचा निळा शर्ट, खिशाला ओळखपत्र – संघर्ष, गिअरबॉक्स टेस्टिंग – आणि चेहऱ्यावर बोर्डाच्या पेपरला बसल्यासारखं गांभीर्य.

तिने नकळत ओढणी सारखी केली. मग स्वतःवरच वैतागली.

डावा कान उत्तम निघाला. उजवा तर त्याहून उत्तम. जरा जास्तच. जे बारीक आवाज विशीतल्या पोरांना चुकतात तेही या पठ्ठ्याने एकामागून एक टिपले होते.

भाग्यश्रीचा स्वभाव कुणी संशयी म्हणो, कुणी काळजीखोर. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणारी बाई ती. तिने हात पुढे नेला, बोट मशीनवर टेकवल्यासारखं केलं... आणि दाबलंच नाही.

त्याने बटण दाबलं.

तिने पुन्हा तसंच केलं. त्याने पुन्हा दाबलं.

तिने दार उघडलं. "बाहेर या."

"झालं, मॅडम? पास?"

"शेवटचे दोन आवाज कसे होते?"

"बारीक होते. पण आले."

"मी दिलेच नव्हते."

तो ओशाळून हसला. हसताना त्याचे दोन्ही डोळे पार मिटून जात.

"म्हणजे तुम्ही इतका वेळ माझ्याकडे—"

"तुमच्या कोपराकडे," तो घाईने म्हणाला. "मशीन दाबताना कोपर हलतं तुमचं. सॉरी मॅडम, तुम्हाला वाटलं असेल की मी..."

"मला काही वाटलं नाही!"

ती हे इतक्या पटकन म्हणाली, की दोघांनाही कळलं – वाटलं होतं.

मग त्याने खरं सांगितलं. लाईनच्या शेवटी त्याचं टेबल. तयार गिअरबॉक्स फिरवायचा आणि ऐकायचं. दाताला केसाएवढा टवका असला तरी त्याला कळे. आता तिथे मशीनही आलं होतं, पण मशीनला शंका आली की संघर्षला हाक. आणि गेलं वर्षभर त्याच्या उजव्या कानात शिट्टी वाजत होती, त्या कानाने ऐकूही कमी येत होतं.

"कुकरची असती तर तीन झाल्यावर बंद तरी केली असती," तो म्हणाला. "हे कागदावर आलं ना मॅडम, मला पॅकिंगला टाकतील. खोकी चिकटवत बसेन. नका लिहू."

ती हसू दाबत होती, पण पेन थांबलं नव्हतं. "दोन्ही कान सारखे उतरले असते तर कारखान्याचा आवाज म्हटलं असतं. एकच कान जातो तेव्हा आत बघावं लागतं. डॉक्टरांकडे जा. आणि फोन नंबर सांगा."

"तो कशाला?"

"तुम्ही गेलात की नाही ते विचारायला. नियम आहे."

नियम होताच. फक्त तो फोन कंपनीच्या नर्सने करायचा असतो, एवढं तिने सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला. "मॅडम, आत खरंच पाहुणा निघाला. अकौस्टिक न्यूरोमा. नऊ मिलिमीटर."

भाग्यश्री गाडीच्या पायरीवर बसली. कॉलेजात हे एका धड्यात येऊन गेलं होतं. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवरची गाठ. कॅन्सर नाही, सावकाश वाढणारी. पण तेव्हा त्या गाठीला कुणाचा आवाज नव्हता, कुणाचे मिटणारे डोळे नव्हते.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाल्या, लहान आहे, नुसतं लक्ष ठेवू. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. तोवर थांबायचं." मग जरा अडखळला. "तुम्हाला थांबता येतं का हो, मॅडम? मला नाही येत."

तिलाही येत नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा साध्या तापाने आजारी पडला, डेंगी निघाला आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. त्यांची मुलगी पिंकी तेव्हा दोन वर्षांची. तेव्हापासून भाग्यश्री प्रत्येक गोष्टीकडे जरा जास्तच रोखून बघे. पिंकीच्या कपाळाचा ताप, शाळेच्या बसचं चाक, आईची बीपीची गोळी.

तरीही ते सहा महिने बरे गेले. फारच बरे.

पाठपुराव्याचे फोन आठवड्याला एक होते, ते रोजचे झाले. मग रविवारी सकाळी दुर्गा टेकडी. तो तळेगाव दाभाड्याहून बाईकवर येई, ती पिंकीला घेऊन चिखलीहून. हिवाळ्यात झाडांखाली धुकं असायचं आणि पायऱ्या ओल्या. तोल जातो म्हणून तो कठड्याला हात लावून उतरे, आणि ती एक पायरी पुढे राही. कधी ती त्याच्या डाव्या हाताला चालायला लागली, तिचं तिलाही कळलं नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही.

पिंकीला मात्र त्याचा उजवा कानच आवडे. त्या कानात ती गुपितं सांगे आणि तो गंभीरपणे मान डोलावी.

"काय सांगितलं तिने?" भाग्यश्री विचारी.

"देव जाणे. मी हो म्हणालो."

"अरे, मांजर मागितलं असेल तिने!"

"मग आणावं लागणार," तो म्हणे. "माणसाने शब्द पाळावा."

कंपनीनेही त्याला पॅकिंगला टाकलं नाही. सुपरवायझरने त्याची खुर्ची फिरवून दिली, डावा कान गिअरबॉक्सकडे, आणि विषय संपवला.

मे महिन्यात दुसरा एमआरआय झाला. बारा मिलिमीटर.

डॉक्टर मॅडमनी कागदावर कानाचं चित्र काढून दोघांना समजावलं. घाई नव्हती, पण गाठ वाढतेय म्हटल्यावर आता थांबण्यापेक्षा काही करावं, असं त्यांचं मत पडलं. ऑपरेशन केलं तर गाठ निघून जाईल. पण कान वाचेल की नाही, अर्धं अर्धं धरा. चेहऱ्याची नस गाठीला चिकटूनच जाते, त्या नसेला धोका थोडा, पण आहे. रेडिएशन म्हणजे एका दिवसाचं काम, चिरफाड नाही. गाठ आतच राहील, पण बहुतेकांची वाढ थांबते. कान आहे तितका काही वर्षं टिकेल, हळूहळू उतरूही शकतो. आणि पुढे नेमाने एमआरआय. बहुधा दरवर्षी.

"शिट्टी?" संघर्षने विचारलं.

"शिट्टीची खात्री कशातच नाही."

"म्हणजे कुकर माझा तो माझाच."

डॉक्टर हसल्या. "दोन्ही मार्ग बरोबर आहेत. तुम्हाला कशासोबत जगणं सोपं जाईल, ते तुम्ही ठरवायचं. आठवडाभर विचार करा."

"विचार झाला," तो म्हणाला. "ऑपरेशन."

भाग्यश्रीला आधी सुटल्यासारखंच वाटलं. काढून टाकायचं. बाटलीत घालून दाखवतील, संपलं. पण बाहेर पडताना तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिचं पाऊल जड झालं. ठरवलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

हॉस्पिटलसमोर उसाच्या रसाची गाडी होती. आभाळ भरून आलं होतं, वळवाचे चार थेंब पत्र्यावर टपटपले आणि थांबले. ती त्याच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसली.

"का रे ऑपरेशन?"

"डोकं रिकामं हवं."

"ते आहेच."

तो हसला, पण डोळे मिटले नाहीत.

"संघर्ष, खरं सांग."

त्याने ग्लास गोल गोल फिरवला. "गेल्या रविवारी तुझ्याकडे जेवायला आलो होतो... मी हात धुवायला गेलो तेव्हा आई तुला काहीतरी म्हणाल्या."

भाग्यश्रीचा चेहरा उतरला. आई, कस्तुराबाई, लातूरकडची, सरळ बोलणारी. ती म्हणाली होती, "पोरगं लई गुणाचं हाय, माय. पण डोक्यात गाठ हाय त्याच्या. एकदा भोगलीस तू. आधी ते समदं काढून येऊ दे त्याला, मग बघू."

"तुला ऐकू आलं?"

"डावा कान चांगला आहे माझा," तो म्हणाला. "आणि त्यांचं काय चुकलं? चार दिवसांत तुझं घर रिकामं झालेलं त्यांनी बघितलंय. मी तुझ्या दाराशी अर्धवट काही घेऊन येणार नाही, भाग्यश्री. काढून टाकतो. क्लीन रिपोर्ट घेतो. तो आईंच्या पुढ्यात ठेवतो आणि मग... मग विचारतो."

"काय विचारतोस?"

"ते तेव्हाच कळेल."

रसवाल्याच्या चरकाची घुंगरं वाजत होती.

"मी नाहीच असं धर," ती म्हणाली. "आईपण नाही, पिंकीपण नाही. तू एकटा. मग काय निवडशील?"

"असं कसं धरू?"

"धर रे. एक मिनिट."

त्याने रस्त्याकडे बघितलं. पीएमपीची बस आली, थांबली, गेली.

"रेडिएशन," तो शेवटी म्हणाला. हळू, पण लगेच आणखी बोलत गेला, जणू बांध फुटला. "मला गाठ आत राहिली तरी चालते. तिच्याशी माझं भांडण नाही. पण माझा कान मी आत्ताच अर्ध्या-अर्ध्यावर लावू? जितकी वर्षं आहे तितकी वर्षं ऐकीन ना. आणि चेहरा वाकडा झाला तर पिंकी म्हणेल, काका, नीट हस. धोका थोडा आहे, माहीत आहे. तरी नको वाटतं." तो थांबला. "पण रेडिएशन म्हणजे दरवर्षी एमआरआय. दरवर्षी तू त्या दाराबाहेर पर्स घट्ट धरून बसणार. ते मला सहन होत नाही."

"ते माझं आहे."

"म्हणजे?"

"दाराबाहेर बसायचं काम माझं आहे. माझ्या वाटणीचं तू का ठरवतोस?" ती स्टुलावरच त्याच्याकडे वळली. "डोकं तुझं, कान तुझा. माझी भीती घालवायला स्वतःचं डोकं उघडायला निघालास तू! अरे, मला भीती वाटतेच. पिंकी बसमध्ये चढली की वाटते, तिला शिंक आली की वाटते. म्हणून मी तिला शाळेत पाठवायची थांबते का? तू त्यातलाच आणखी एक. आणि तुझी तर वर्षातून एकदाच."

त्याने ग्लास खाली ठेवला.

"आणि आई?"

"आईला मी सांगेन. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी तुझ्यासाठी धपाटे करेल."

"पण क्लीन रिपोर्ट..."

"तो आता येणारच नाही!" भाग्यश्री म्हणाली, आणि बोलता बोलता तिलाच ते पहिल्यांदा लख्ख दिसलं. "रेडिएशन घेतलंस तर गाठ राहणार. नुसती गप्प बसणार. तुझा रिपोर्ट ना यंदा क्लीन येणार, ना पुढच्या वर्षी, ना आपण म्हातारे झाल्यावर. मग... थांबायचं कशासाठी?"

'आपण म्हातारे झाल्यावर.' शब्द सुटून गेला होता. तिचे कान तापले. तिने ग्लास तोंडाला लावला, तो रिकामा होता.

"भाग्यश्री," तो अगदी सावकाश म्हणाला, "मी अजून काही विचारलेलंच नाही."

"मग विचार ना! पाऊस यायच्या आत."

त्याने विचारलं. गाडीवर लिंबू पिळणाऱ्या माणसाने मान खाली घातली, पण त्याचा हात थांबला होता. ती हो म्हणाली – दोनदा, कारण पहिला 'हो' बसच्या आवाजात बुडाला.

मग त्याने फोन काढला आणि समोरच्याच हॉस्पिटलला लावला. काचेपलीकडची रिसेप्शनवरची मुलगी इथून दिसत होती. तिने फोन उचलला.

"नमस्कार मॅडम, संघर्ष बोलतोय, आत्ताच येऊन गेलो. डॉक्टरांना सांगा, रेडिएशन ठरलं... हो, नक्की. माझं मीच ठरवलंय... तारीख?" त्याने भाग्यश्रीकडे बघितलं. "बुद्धविहाराचा हॉल कधी मिळेल?" त्याने फोनवर हात ठेवून विचारलं.

"चौदा तारखेचा रविवार रिकामा आहे," ती म्हणाली. हे तिला कसं माहीत, ते त्याने विचारलं नाही. ती मात्र लाजून रस्त्याकडे बघायला लागली.

"मॅडम, चौदाच्या पुढचा कुठलाही दिवस द्या," तो फोनवर म्हणाला, आणि त्याचे दोन्ही डोळे मिटले. "नाही हो, चौदाला नाही जमणार. त्या दिवशी माझं लग्न आहे."