मावळत्या राणीचा मुकुट

मुकुट गेला आणि आळ आला मम्मींवर.

मम्मी म्हणजे आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेत देशोदेशीच्या मुलींना सांभाळणाऱ्या बाई. कुणाचं पोट दुखो, मन दुखो, नाहीतर सँडलची टाच मोडो, पहिली हाक त्यांनाच. आज मात्र त्या स्वतःच, स्पर्धेच्या थिएटरसमोर असलेल्या वहिनींच्या ऑफिसात हमसून हमसून रडत होत्या.

"तासाभरात अंतिम फेरी आहे. तोवर मुकुट मिळाला नाही तर संयोजक मला पोलिसांत देणार आहेत. इतक्या वर्षांची अब्रू जाईल हो!"

"डोळे पुसा. भावोजी, चपला घाला," वहिनी म्हणाल्या.

खासगी तपासात वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं. भावोजी त्यांचे धाकटे दीर आणि मदतनीस. मदत बेताची, मतं भरपूर.

रस्ता ओलांडताना मम्मींनी सांगितलं, "मुकुट पुसायला पेटी उघडली होती. राणीला तहान लागली म्हणून पाणी आणायला गेले. परत येते तो पेटी रिकामी!"

"राणी कोण?"

"गेल्या वर्षीची विजेती. आज नव्या विजेतीला मुकुट तीच घालणार. बाकी मुली स्टेजवर तालमीला होत्या. आत राणी, केशरचना करणारा, आणि गाऊनचा पट्टा तुटला म्हणून आलेली बेटवाली. कुठल्याशा बेटावरून आलीय, म्हणून बेटवाली."

"तीच!" भावोजी पुटपुटले. "निकालाआधीच मुकुट लांबवला."

मेकअपच्या खोलीत स्प्रेचा असा घमघमाट होता की भावोजींना शिंकांवर शिंका आल्या. केशरचना करणारा तोंडात पिना धरूनच भांडला.

"आमच्यात आधी केस, मग चेहरा. माझं काम केव्हाच आटोपलं. चोरायचंच असतं तर ते लांब गंगावन चोरलं असतं. असे केस मिळतात कुठे? ते राणीच्या केसांत गुंफून दिलंय मी!"

बेटवालीला वहिनींनी विचारलं, "मुकुट कुणी घेतला असेल?"

"मला फक्त विश्वशांती हवी आहे."

"पट्टा कुणी शिवून दिला?"

"विश्वशांती..." ती थांबली. "सॉरी, सवय लागलीय. मम्मींनी दिला. त्या चोर नाहीत हो!"

मावळती राणी कोपऱ्यातल्या खुर्चीत स्ट्रॉने पाणी पीत होती. ओठ लालभडक, पापण्या लांबलचक, आणि डोक्याला टॉवेलचा भलामोठा फेटा.

"आत्ताच केस धुतले," ती म्हणाली. मुकुट पाहिला का, यावर तिनं नुसतं बोट हलवलं.

"ओल्या केसांनी बसू नका, सर्दी होईल," असं म्हणत भावोजींनी टॉवेलचं टोक चाचपलं. "तसा कोरडाच आहे म्हणा."

राणी दचकून मागे सरली, पण मान ताठच.

एवढ्यात संयोजक तणतणत आले. "पेटीची चावी मम्मींकडे, म्हणजे चोर मम्मीच! फोन लावू पोलिसांना?"

"पाच मिनिटं थांबा. मुकुट याच खोलीत आहे," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, तुम्ही पावडर लावून मग आंघोळ करता का?"

"छे! काहीतरीच काय!"

"मग ही तरी कशाला करेल? यांच्यात आधी केस, मग चेहरा. हिचा चेहरा तयार आहे, लिपस्टिक बिघडू नये म्हणून स्ट्रॉ लावलाय. केसही केव्हाच सजवून झालेत. ते आता कशाला धुईल? आणि ओल्या केसांवरचा टॉवेल कोरडा, हे तर तुम्हीच सांगितलंत."

"मी?" भावोजींना आपलाच अभिमान वाटला.

"हिनं 'नाही' म्हणायलासुद्धा मान हलवली नाही, कारण डोक्यावर ओझं आहे. काढ बाई तो टॉवेल."

टॉवेल सुटला. गंगावनाच्या गुंत्यात मुकुट लखलखत होता.

राणीला हुंदका फुटला. "सगळ्यांची पाठ होती तेवढ्यात एकदाच घालून बघणार होते. वर्षभर हा कुलपात होता, उद्घाटनापुरता मिळायचा. उद्यापासून मला कोण विचारणार? घातला तो निघेचना. घाईघाईनं टॉवेल गुंडाळला. संयोजक ओरडायला लागले, मग तोंडच उघडलं नाही."

"माझ्यावर आळ आला तेव्हासुद्धा?" मम्मींनी विचारलं.

राणीनं मान खाली घालायचा प्रयत्न केला. मुकुटानं ती घालू दिली नाही.

"मला फार वाईट वाटलं गं," मम्मी म्हणाल्या आणि कात्री हातात घेतली. "बस इकडे. गंगावनच कापायचंय, तुला नाही."

संयोजकांनी खाली बघून माफी मागितली. "चोर म्हणताना आवाज मोठा होता," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी ती मोठ्यानं मागितली.

स्टेजवर बेटवाली जिंकली. मुकुट घालण्याआधी राणीनं माइक हातात घेतला आणि भरल्या थिएटरसमोर सगळं कबूल केलं. "मम्मी, माफ करा," म्हणताना ती रडली. मम्मी विंगेत उभ्या राहून तिच्याहून जास्त रडल्या.

मग नव्या राणीच्या हाती माइक आला.

"विश्वशांती," ती म्हणाली. एका हातानं तिनं मुकुट चाचपला, हळूच ओढला, पुन्हा ओढला आणि घाबरून विंगेकडे पाहिलं. "मम्मी, जरा येता का? निघत नाहीये!"